किटोत सासूबाईंना नेताय? मग अंतर नको, उंची बघा

गॅलापागोस बेटांच्या आधी किटोत, म्हणजे इक्वेडोरच्या राजधानीत, चार दिवस आहेत, सासूबाई अडुसष्टच्या, मुलगा आठ वर्षांचा, सगळे शाकाहारी. जमेल का, असं तुम्ही विचारलंत. नक्की जमेल, सासूबाईंनाही न्याच. फक्त दिवसांचा क्रम उंची बघून लावा.

किटो 2,850 मीटरवर आहे, कळसूबाईच्याही बाराशे मीटर वर. विमानतळ मात्र शहराबाहेर ताबाबेलाला, सुमारे 2,400 मीटरवर. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर पहिली रात्र तिथेच काढा. दुसऱ्या दिवशी मिताद देल मुंदो, म्हणजे विषुववृत्ताचं स्मारक. तेही शहरापेक्षा खालीच आहे. 1736 साली पृथ्वीचा आकार मोजायला आलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या मोहिमेची ही आठवण. जमिनीवरच्या पिवळ्या रेषेवर दोन्हीकडे पाय टाकून मुलाचा फोटो काढाच, पण जीपीएसप्रमाणे खरं विषुववृत्त तिथून सुमारे 240 मीटर उत्तरेला आहे, हेही त्याला सांगा. जवळच्या संग्रहालयात रेषेच्या दोन बाजूंना पाणी उलटसुलट फिरवून दाखवतात. ते विषुववृत्तामुळे होत नाही, पाणी कसं ओतलं त्यावर ठरतं. आठ वर्षांच्या पोराला हे कळतं, आणि कळायला हवं.

तिसरा दिवस जुन्या शहराला द्या. युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या 1978 सालच्या पहिल्याच यादीत हे शहर होतं. ला कोम्पान्यिया चर्चचा आतला सोन्याच्या वर्खाचा भाग सासूबाईंना निवांत बसून बघू दे. बासिलिका या मोठ्या चर्चच्या भिंतींवर, अशा चर्चवर सहसा असतात त्या राक्षसी तोंडांच्या जागी इग्वाना, कासवं कोरलेली आहेत. मुलाला ती मोजायला लावा. मनोऱ्याचे जिने मात्र सासूबाईंनी टाळावेत. इथे चढ दिसतो त्यापेक्षा जास्त दमवतो.

तेलेफेरिको हा रोपवे जवळपास 4,000 मीटरपर्यंत नेतो. पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी तिथे जातात, मग डोकेदुखी आणि मळमळ. शेवटच्या दिवशी सकाळी जा, दुपारी बहुधा ढग येतात. सासूबाईंना त्या दिवशी खालीच आराम करू दे.

खाण्याची काळजी नको. लोक्रो दे पापा हे बटाटा-चीजचं दाट सूप, वर अ‍ॅव्होकाडो. आणि यापिंगाचो, बटाट्याच्या चीज भरलेल्या टिक्क्या. सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का ते दर वेळी विचारा, कारण तिथे ते मांसाहारात धरत नाहीत. चलन अमेरिकन डॉलरच आहे. 50-100 च्या नोटा छोटे दुकानदार घेत नाहीत, सुटे न्या. हवा गार असली तरी ऊन भाजतं, टोप्या हव्यातच.

सगळ्यात महत्त्वाचं: इक्वेडोरहून परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर ही लस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असते. म्हणून तिकिटं काढण्याआधी सासूबाईंच्या डॉक्टरांशी लस आणि उंची, दोन्हींबद्दल बोलून घ्या.