बोट वेगळी, कढई वेगळी

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 49, यजमान 53, खासगी कंपनीत. घरात महिन्याला 1 लाख 65 हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता 38 हजार, तो अजून चार वर्षं. एसआयपी 30 हजार. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सगळं भागवून खात्यात 25 हजार उरतात. अडीनडीला 4 लाख बाजूला आहेत आणि ताईंच्या नावावर 6 लाखांची एफडी, 7.1 टक्क्यांची, मुदत संपायला 14 महिने. आता तीन जोडप्यांनी ठरवलंय की येत्या जानेवारीत, म्हणजे दहा महिन्यांनी, थायलंडमधल्या फुकेतहून शिडाची कॅटामरान (दोन जोड सांगाड्यांची बोट) आठवडाभर भाड्याने घ्यायची आणि फांग-न्गाच्या आखातातली बेटं फिरायची. बोटीचं भाडं 6 लाख 90 हजार, वाट्याला 2 लाख 30 हजार. विमान वगैरे धरून ताईंचा आकडा 3 लाख. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ, असा प्रश्न आहे. आणि शेवटी एक ओळ: "तसं ही गुंतवणूकच आहे, कारण मी दर शनिवारी सोसायटीत थाई जेवणाच्या ऑर्डरी घेते. तिकडे सहा दिवसांचा क्लास केला की काम वाढेल."

ताई, सगळा घोळ त्या शेवटच्या ओळीत आहे. सहल करायची तर सहल म्हणून करा, तिला धंद्याचं पातळ नेसवू नका. तुमचेच आकडे घेतो. शनिवारी सरासरी 14 डबे, डबा 380 रुपयांना. साहित्य 165, डबा-पिशवी 22, गॅस-वीज 13. डब्यामागे 180 उरतात, शनिवारचे 2,520, महिन्याचे साधारण 10 हजार. शुक्रवारच्या बाजारासकट तुमचे बारा तास जातात, म्हणजे तासाला 210 रुपये. वाईट नाही. पण या पैशांतून 4 लाखांची सहल वसूल करायची तर चाळीस महिने लागतील, आणि तोवर तुम्ही स्वतःला एक रुपया घ्यायचा नाही.

हो, 4 लाख. 3 नाही.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये बोट आहे, चालवणारा नाही. तुमचे मित्र खडकवासल्याला छोटी शिडाची बोट शिकलेत, छान आहे. पण बोट नुसती हवाली करण्याआधी कंपन्या प्रमाणपत्र किंवा अनुभवाची यादी मागतात. आणि त्या आखातात उथळ पाणी, भरती-ओहोटी, मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगे असं सगळं आहे. धरणाच्या पाण्यातला हात तिथे पुरत नाही. स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, घ्याच. दिवसाला 12 हजार धरले तर सात दिवसांचे 84 हजार, तुमचा वाटा 28 हजार. डिझेल, पाणी आणि राष्ट्रीय उद्यानांची फी मिळून 15 हजार धरा. परदेशी पाहुण्याला फांग-न्गाला 300 बात (थाई चलन) आणि फी फी बेटांना 400 बात माणशी द्यावे लागतात. किराणा आणि स्किपरचं जेवण, वाट्याला 25 हजार. दोघांचं विमान 62, जाता-येता फुकेतमध्ये दोन रात्री 12, विमा 4, वर हातात 20. बेरीज 3 लाख 96 हजार. कोटेशन बातमध्ये आहे, रुपये तुम्ही मांडलेत. दुसरा हप्ता द्याल तेव्हा त्या दिवशीचा भाव लागेल, बँकेचं कमिशन वेगळं.

जानेवारी निवडलात ते बरोबर. तेव्हा वारा ईशान्येकडून, जमिनीवरून येतो आणि अंदमानच्या बाजूचा समुद्र शांत असतो. मे ते ऑक्टोबर तिकडेही नैऋत्य मोसमी पाऊस असतो, आपल्यासारखाच. कुणी एप्रिलअखेरचा स्वस्त दर दाखवला तर भुलू नका. तेव्हा वारा पडलेला असतो, शीड नुसतं लोंबतं, दिवसभर इंजिन चालवावं लागतं आणि वाचलेलं भाडं डिझेलमध्ये जातं. त्यापेक्षा चिनी नववर्षाच्या गर्दीआधीचा एखादा आठवडा मिळतो का विचारा. एक मात्र आधीच सांगतो, फी फी बेटांवरच्या माया बे या खाडीच्या आत आता बोटी सोडत नाहीत. मागच्या बाजूच्या खाडीत उतरून चालत जावं लागतं. तुमच्या ग्रुपमध्ये त्यावरून कुणाचा हिरमोड होणार असेल तर तो ठाण्यातच होऊ द्या.

आता पैसे कुठून आणायचे ते बघू. एफडी मोडलीत तर झालेल्या 22 महिन्यांना 7.1 नाही, त्या मुदतीचा दर मिळेल आणि त्यातून दंड कापला जाईल. 5.8 टक्के हातात येतील असं धरलं तर आजवरच्या व्याजातले साधारण 15,800 रुपये गेले. पर्सनल लोन 13 टक्क्यांनी, 4 लाख, तीन वर्षं: हप्ता साडेतेरा हजार आणि एकूण व्याज 85 हजार. सात रात्रींच्या बोटीचे हप्ते छत्तीस महिने, तेही गृहकर्ज चालू असताना? नको.

त्याऐवजी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ओडी) घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. बँका सहसा एफडीच्या दरावर एखाद-दोन टक्के लावतात, तेही वापरलेल्या रकमेवर. 8.1 धरू. आज भाड्याचा निम्मा वाटा, 1 लाख 15 हजार, त्यातून भरा. दरमहा उरणारे 25 हजार तिथे भरले की पाच महिन्यांत खातं साफ. पुढच्या पाच महिन्यांत सव्वा लाख साठतील. उरलेल्या खर्चाला 1 लाख 60 हजार कमी पडतील, ते पुन्हा ओडीतून. एफडीची मुदत संपेल तेव्हा साठेक हजार बाकी असतील, ते तिथेच वळते करा. सगळं मिळून व्याज साडेपाच हजारांच्या आसपास, आणि एफडी 7.1 ने वाढत राहिली ते वेगळंच. एसआयपीला हात नाही. अडीनडीच्या 4 लाखांना तर अजिबात नाही, कारण घरात एकाच पगाराचा मोठा आधार आहे आणि आरोग्य विमाही फक्त कंपनीचा आहे. तो स्वतंत्र विमा सहलीच्या आधी घ्या, हे सांगून पुढे जातो.

भारतातल्या एजंटकडून पॅकेज म्हणून बुकिंग केलंत तर वर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच वसूल होणारा आगाऊ आयकर, कापला जाईल. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. पण तो ज्याच्या पॅनवर बुकिंग त्याच्याच नावावर जमा होतो. तीन जोडप्यांचे पैसे एकाच्या पॅनवरून गेले तर परतावा त्याच्या घरी, आणि मग मैत्रीत तो मागत बसा. तीन वेगळी बिलं करून घ्या.

आता कढई. इथे मी तुमच्या बाजूने आहे, पण बोटीपासून लांब उभं राहून. फ्रीझर आणि मोठा मिक्सर मिळून 70 हजार, असं लिहिलंय. आत्ता फक्त 20-25 हजारांचा छोटा डीप फ्रीझर घ्या. शनिवारी पहाटे पाचला उठून हिरवी पेस्ट वाटता, तिथेच तुमचे चार तास जातात. तीन आठवड्यांची पेस्ट एकदम वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. बारा तासांचं काम आठ तासांवर आलं की तासाचे 210 चे 315 होतात आणि त्याच वेळात वीस डबेही निघतील. मग फ्रीझर अडीच महिन्यांत फिटतो. शनिवारचे पैसे त्यालाच लावा, बोटीला नको.

165 च्या साहित्यात 38 रुपये आयात पाकिटांचे आहेत, ते बघून मी जरा थबकलो. मक्रुत लिंबाची पानं पाकिटातून कशाला? नर्सरीत रोप मिळतं, कुंडीत चांगलं वाढतं. गवती चहा तर तुमच्या गॅलरीत असेलच. पाती चहाला जाऊ द्या, पेस्टला खालचा पांढरा बुडखा घ्या. कोळिंजन मात्र ताजंच हवं, काष्ठौषधीवाल्याकडचं वाळकं चालत नाही. आणि थाई लोक जी कपी वापरतात, ती म्हणजे बारीक कोळंबी मीठ लावून, कुटून, उन्हात मुरवलेली. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात जवळा वाळत घातलेला असायचा, त्याच कुळातला वास. शाकाहारी डब्यांत ती चुकूनही जाऊ देऊ नका आणि डब्यावर तसं लिहा. एफएसएसएआयची नोंदणी घरगुती कामालाही लागते, ती करून टाका.

सहा दिवसांचा 55 हजारांचा क्लास सोडा. बोटीवरून उतरल्यावर एका दिवसाचा वर्ग करा, बाजारात नेणारा. बोटीवर दोन शेगड्या असतातच. स्किपरला तुमच्या हातची हिरवी करी खाऊ घाला आणि तो काय नाक मुरडतो ते ऐका, शिकवणी तिथेच होईल.

शेवटचं. कोटेशनच्या तिसऱ्या पानावर, अगदी खाली, 2 लाखांचं डिपॉझिट आहे. कुणाच्या तरी क्रेडिट कार्डवर तेवढी रक्कम अडकून राहणार. 2019 च्या मार्चमध्ये आम्ही असेच गेलो होतो. रात्री डिंगीचं, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीचं, एक वल्हं नीट बांधायचं राहिलं, सकाळी गायब. कंपनीने त्याचे 9 हजार रुपयांच्या वर कापले. कार्ड माझं होतं आणि वल्हं कुणी ठेवलं होतं यावर आजही एकमत नाही. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी तिन्ही घरांकडून दोन गोष्टी लिहून घ्या: डिपॉझिट कापलं गेलं तर ते तीन भागांत, आणि एखादं जोडपं ऐनवेळी गळलं तर त्यांचा वाटा कोण भरणार. व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं चालेल. दुसऱ्या प्रश्नावर ग्रुप गप्प बसला तर पहिला हप्ता भरू नका.