नाटक लिहायला बसण्याआधी त्राँब्ले वाच

पहिलं नाटक लिहितोयस, तर कॅनडातल्या फ्रेंच भाषेतला नाटककार मिशेल त्राँब्ले याची वाटचाल नीट बघ. 1942 साली माँट्रियलच्या कामगार वस्तीत जन्मलेला हा माणूस सुरुवातीला छापखान्यात लायनोटाइपवर, म्हणजे अक्षरजुळणीच्या यंत्रावर, काम करायचा आणि लिहायचा. 1964 मध्ये रेडिओ-कॅनडाच्या तरुण लेखकांच्या स्पर्धेत तो पहिला आला. पण त्यावरून पुढचं सगळं सोपं झालं असं समजू नकोस.

‘ले बेल-सर’ (म्हणजे नणंदा-भावजया) हे नाटक त्याने 1965 मध्ये लिहिलं आणि ते रंगमंचावर आलं 1968 मध्ये. एका बाईला बक्षिसात दहा लाख कूपनं मिळतात, ज्यांच्या बदल्यात घरसामान मिळतं; ती वह्यांमध्ये चिकटवायला ती शेजारणी-बहिणींना घरी बोलावते. बायका गप्पा मारता मारता कूपनं चोरत राहतात. गोष्ट एवढीच! पात्रं पंधरा, सगळ्या बायका, आणि बोलणं माँट्रियलच्या गल्लीतलं, ज्याला शिष्ट लोक नाकं मुरडायचे. मध्येच त्या एकत्र येऊन बिंगोची आरती ओवाळावी तशा एकसुरात बोलतात. ती जागा मोठ्याने वाच, लय कानात बसते.

प्रयोगाआधी त्याचं जाहीर वाचन झालं होतं. तूही मसुदा घेऊन निर्मात्याकडे धावू नकोस, आधी चार नटांना बसवून वाचून घे. संवाद कुठे अडखळतो ते लगेच कळतं.

मग त्याचंच ‘आल्बेर्तीन आँ सँक ताँ’ (पाच काळांतली आल्बेर्तीन) घे. एकच बाई, पाच वयांत, पाच अभिनेत्री, आणि त्या एकमेकींशी भांडतात. मला हे ‘बेल-सर’हून सरस वाटतं, पण क्रम मोडू नकोस.