टी-शर्टवर छापलेला प्रोग्राम ‘शस्त्र’ कसा ठरायचा? आणि तसा शर्ट आज छापायचा तर काय सांभाळावं?

शर्टवरचा कोड खरोखर चालायचा, हीच त्यातली मेख. १९९५मध्ये ब्रिटनच्या ॲडम बॅक यांनी आरएसए नावाची कूटलेखनाची (मजकूर गुप्त संकेतांत बदलण्याची) पद्धत पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या तीन ओळींत बसवली; शर्टवर छापला तो हाच कोड. तेव्हा अमेरिकेत मजबूत कूटलेखन युद्धसामग्रीच्या यादीत होतं. विनापरवाना निर्यातीला १० लाख डॉलरपर्यंत दंड आणि १० वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेतच परदेशी माणसाला तांत्रिक माहिती दाखवणंही निर्यातीत धरत. म्हणजे हा शर्ट घालून परदेशी वर्गमित्रासमोर उभं राहणंसुद्धा कागदोपत्री गुन्हा ठरू शकत होतं!

त्याआधी, १९९४मध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कूटलेखनावरचं एक पुस्तक देशाबाहेर जाऊ दिलं, पण त्यातलाच कोड असलेली फ्लॉपी अडवली. मग शर्ट पुस्तकात मोडतो की फ्लॉपीत? शर्ट छापणाऱ्यांना सरकारला नेमकं इथेच पकडायचं होतं.

कोडमध्ये पर्ल फक्त हमाली करतं: मजकुराचं सोळा-आधारी आकड्यांत (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) रूपांतर करायचं आणि ते युनिक्स या संगणक-प्रणालीतल्या ‘डीसी’ या आकडेमोडीच्या प्रोग्रामकडे द्यायचं. मोठ्या संख्यांचा घात आणि बाकी डीसीच काढतं. किल्लीतली (मजकूर झाकायला-उघडायला वापरायच्या संख्येतली) अक्षरं आधी मोठ्या लिपीत (कॅपिटल) करावी लागतात, कारण छोटा ‘डी’ किंवा ‘एफ’ दिसला की डीसी त्याला आकडा नव्हे, आज्ञा समजतं.

छापताना घोळ होतो तो डिझाइनवाल्याच्या संगणकावर. सॉफ्टवेअर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करतं. डीसीला हाक मारणारी उलटी अवतरणचिन्हं (कळफलकावर एकच्या डावीकडची) साधी अवतरणचिन्हं होऊन बसतात. कोड मेला. म्हणून आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असणारा फॉण्ट घ्या, ज्यात शून्य आणि ‘ओ’, एक आणि छोटा ‘एल’ वेगळे दिसतात. ओळ साठेक अक्षरांची. छातीवर ११ इंच रुंदी धरली तर साधारण २२ पॉइंट. जाड वळण निवडा, बारीक रेषा धुण्यात जातात. कापडावर जाण्याआधी कागदी नमुन्यावरून कोड हाताने टाइप करून चालवून बघा. नजरेने तपासणं पुरत नाही.

जानेवारी २०००मध्ये अमेरिकेचे निर्यातीचे नियम बरेच सैल झाले, आरएसएचं पेटंटही त्याच वर्षी संपलं. मात्र खरी गुपितं या कोडने झाकू नका. त्यात पॅडिंग (मजकुरात दरवेळी वेगळी मिसळायची भर) नाही, त्यामुळे तोच मजकूर दरवेळी तोच सांकेतिक मजकूर देतो.