रोध आणि पॉवर: सुरुवातीला एवढंच धरा

सूत्रं दोनच आहेत. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध (रेझिस्टन्स) मिळतो, गुणलं की पॉवर. पाठ करायला मिनिटही लागत नाही. चुका होतात त्या आकडे घालताना.

- सगळ्यात जास्त घोळ मिलीअँपिअरचा. २० मिलीअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. १२ व्होल्टला ०.०२ ने भागा, ६०० ओहम येतील. थेट २० ने भागलंत तर ०.६ येईल, आणि असं विचित्र उत्तर दिसलं की आधी एकक तपासा.
- व्होल्टेज त्या भागाच्या दोन टोकांमधलं घ्या, बॅटरीचं नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडी २ व्होल्ट घेत असेल, तर रेझिस्टरच्या (रोध देणाऱ्या भागाच्या) वाट्याला ७ च येतात.
- पॉवर काढायला विसरू नका. वरच्या ६०० ओहमवर १२ गुणिले ०.०२, म्हणजे ०.२४ वॅट खर्च होतात. पाव वॅटचा रेझिस्टर चालेल, पण चटका बसेल इतका तापेल. अर्ध्या वॅटचाच लावा.
- रोध मोजताना सप्लाय बंद. करंट मोजताना मीटर सिरीजमध्ये, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल असा. बॅटरीला समांतर लावलात तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.

एसी (दिशा बदलत राहणारा करंट) आणि त्यातल्या पॉवर फॅक्टरकडे आत्ता वळूच नका. आधी डीसीवर (बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या करंटवर) चार-पाच सर्किटं कागदावर सोडवा, मग मीटरने ताडून बघा.