अक्षरं धूसर दिसतात म्हणून ६२ हजारांचा लॅपटॉप?

प्रश्न: मी कोल्हापुरात घरून मराठी पुस्तकांचं डीटीपी आणि प्रूफं तपासण्याचं काम करते. वय ४४. महिन्याला सरासरी २३,००० रुपये सुटतात. यजमानांचा पगार हातात ३८,०००, घरखर्च ४५,०००च्या आसपास, मुलगा दहावीत. लॅपटॉप २०१८चा, १५.६ इंची, रिझोल्यूशन १३६६ × ७६८. अक्षरं धूसर दिसतात, तीन तासांत डोळे चुरचुरतात, म्हणून दुसऱ्या वाचनाला प्रिंट काढते. महिन्याला ४०० पानं होतात. दुकानदार ६२,०००चा नवा लॅपटॉप क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर देतोय. रोख घेतला तर ३,५०० कमी. अडीनडीसाठी ठेवलेली ७०,०००ची एफडी आहे. ती मोडू की हप्ता घेऊ? दुरुस्तीवाला म्हणतो, ६,५०० द्या, फुल एचडी स्क्रीन बसवून देतो.

उत्तर: ताई, हप्ता तुम्हाला झेपेल. महिन्याला १६,००० उरतात, त्यातून ५,१६७ गेले तरी चूल बंद पडणार नाही. पण तुमच्या पत्रात लॅपटॉप हळू चालतो, अडकतो, बंद पडतो, अशी एकही तक्रार नाही. तक्रार आहे ती फक्त दिसण्याची. त्यासाठी आख्खं यंत्र बदलायचं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

आधी फुकटातल्या गोष्टी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १३६६ × ७६८च आहे ना, ते पाहा. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून घरातल्या कुणीतरी ते १०२४ × ७६८ करून ठेवलेलं असतं आणि मग सगळंच पुसट होतं. अक्षरं मोठी हवी असतील तर रिझोल्यूशनला हात न लावता स्केलिंग (त्याच सेटिंगमधला आकाराचा टक्का) वाढवायचं. शोधपट्टीत क्लिअरटाइप (अक्षरं रेखीव करायची विंडोजचीच सोय) टाइप करून ती चाचणीही एकदा पुरी करा. मग एचडीएमआय केबल लावून तेच पान घरच्या टीव्हीवर उघडा. तिथे नीट दिसलं तर दोष लॅपटॉपच्या स्क्रीनचा. तिथेही पुसट वाटलं तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चाळिशीनंतर जवळचा नंबर लागतोच, पण पुस्तक धरायचं अंतर वेगळं आणि स्क्रीनचं वेगळं. डॉक्टरांना स्क्रीन किती लांब असते ते मोजून सांगा, नाहीतर चष्मा पेपर वाचण्याचा मिळतो आणि काम होतं लॅपटॉपवर.

डोळे आणि सेटिंग दोन्ही ठीक निघाले, असं धरून पुढे जाऊ. तुमच्या कामात ही स्क्रीन खरोखरच अपुरी आहे. १० पॉइंटचा मजकूर शंभर टक्के झूमवर पाहिला, तर एका ओळीला उंचीत जेमतेम १३ ठिपके (पिक्सेल) मिळतात. रफार, अनुस्वार, जोडाक्षर, खालचा उकार हे सगळं त्या तेरांत बसवायचं. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे रफार आणि अनुस्वार एकत्र आले की वर नुसता काळा डाग दिसतो, आणि 'द्ध'च्या जागी 'ध्द' पडलेला नजरेतून सुटतो. तुम्ही प्रिंट काढता त्याचं कारण हेच.

झूम वाढवला की अक्षर सुधारतं, पण मग उंचीला फक्त ७६८ ठिपके असल्यामुळे अर्धं पानही दिसत नाही आणि दिवस वर-खाली सरकवण्यात जातो. म्हणून मी तुम्हाला बाहेरचा मॉनिटर सुचवतो: २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणारा), साधारण नऊ-दहा हजारांपर्यंतचा. १९२० × १०८० म्हणजे ठिपके जवळजवळ दुप्पट. दीडशे टक्के झूमवर पानाची पूर्ण रुंदी बसते आणि बाजूला सॉफ्टवेअरच्या खिडक्यांनाही जागा उरते. त्याच ओळीला मग १३ऐवजी २० ठिपके मिळतात.

इथे एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. मॉनिटर मोठा म्हणजे अक्षर रेखीव, असं नसतं. तुमच्या लॅपटॉपवर एका इंचात १०० ठिपके आहेत. २४ इंची फुल एचडीवर ते ९२च असतात. आपण थोडे लांब बसतो आणि झूम वाढवतो, म्हणून चालून जातं. पण 'हजार-दीड हजार जास्त द्या, २७ इंची घ्या' म्हणून फुल एचडीच गळ्यात मारला, तर इंचाला ८१-८२ ठिपके उरतात आणि तुम्ही पैसे मोजून पुन्हा धूसर अक्षरं घरी आणता. टेबल लहान असेल तर साडेएकवीस इंची घ्या, त्यात १०२ मिळतात. आणि जोडायचा एचडीएमआयनेच. कोपऱ्यात पडलेली जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल वापरू नका.

नुसत्या रेखीवपणात दुरुस्तीवाल्याचा पर्याय खरं तर वरचढ आहे. १५.६ इंचात फुल एचडी म्हणजे इंचाला १४१ ठिपके. लॅपटॉप घेऊन रोज फिरावं लागत असतं, तर मी तोच सुचवला असता, मात्र मूळ कनेक्टरला तो पॅनेल चालतो का हे आधी उघडून पाहायला सांगून. तुम्ही घरीच बसून काम करता. जुन्या लॅपटॉपमध्ये घातलेले ६,५०० त्याच्याबरोबरच भंगारात जातील. मॉनिटर पुढच्या लॅपटॉपलाही चालेल. तेव्हा मग स्क्रीनपायी जास्त मोजायचं कारण उरणार नाही.

लॅपटॉप आणखी चालेल का, हे प्रोसेसरवर आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमचा इंटेलचा आठव्या पिढीचा असेल (२०१८च्या बऱ्याच यंत्रांत असतो), तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं आणि दोनेक वर्षं काढायला हरकत नाही. सातव्या पिढीचा निघाला तर नवीन लॅपटॉप लवकर घ्यावा लागेल. तरीही मॉनिटर आधी घ्या.

आता 'नो कॉस्ट'चं बघू. कॉस्ट नाही, असं त्यात काही नसतं. बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा दाखवतात. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याच बिलात येतो. बँकेचा दर १५ टक्के धरला, तर १२ महिन्यांचं व्याज सुमारे ४,७५० आणि त्यावर जीएसटी साधारण ८५५. प्रोसेसिंग फी वेगळी. त्यात रोखीचे ३,५०० सोडलेत ते मिळवा. जीएसटी, फी आणि हे मिळून साडेचार हजारांच्या आसपास झाले, म्हणजे अर्धा मॉनिटर. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं. जाहिराती नाव बदलून चालूच आहेत.

'धंद्यासाठी घेतला की टॅक्स वाचतो' असं कुणी सांगेल. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (झिजेपोटी उत्पन्नातून वजावट) मिळतो, हे खरं. पण तुमचं वर्षाचं उत्पन्न पावणेतीन लाख. त्यावर कर लागतच नाही, तर वाचणार काय?

एफडीला हात लावू नका. ७०,००० म्हणजे तुमचा दीड महिन्याचा खर्च, आधीच कमी आहे. त्यात जूनमध्ये अकरावीचा प्रवेश आणि क्लासची फी येईल. मॉनिटर या महिन्याच्या शिलकीतून रोख घ्या. प्रिंट निम्म्यावर आली आणि पानाला दोन रुपये धरले, तरी महिन्याला ४०० वाचतात. दोन वर्षांत किंमत वसूल. शेवटचं वाचन मात्र कागदावरच करा. ते ४०० वाचवण्याच्या नादात छापलेल्या पुस्तकात चूक गेली, तर प्रकाशक पुढचं काम देणार नाही.

पुढच्या महिन्यापासून लॅपटॉपच्या नावाने ३,००० रुपयांची आरडी सुरू करा. दीड वर्षात ५४,००० आणि वर व्याज होईल. तोवर मदरबोर्ड गेलाच, तर ती आरडी मोडा आणि कमी पडतील तेवढ्याचाच हप्ता घ्या.

दुकानात जाताना तुमच्याच एखाद्या पुस्तकाची पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या. तिथे डेमोला फुलांचे आणि डोंगरांचे व्हिडिओ लावलेले असतात, त्यात कुठलाही मॉनिटर झकास दिसतो. जोडाक्षरांनी भरलेलं पान उघडायला लावा, घरी बसता तेवढ्या अंतरावर बसा आणि पाच मिनिटं वाचा. बिल तुमच्या नावाचं घ्या आणि वॉरंटीत मॉनिटर घरी येऊन बघतात की सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारा.