दोन ट्रंका, एक पेटी आणि तीन मतं

प्रश्न : आदरणीय ताई, आमचं मूळ घर सासवडचं, जात माळी. पणजोबा ऊस करायला आधी नीरेच्या डाव्या कालव्यावर, बारामतीकडे गेले. पुढे काही वर्षं गोदावरी कालव्यावर कोपरगाव भागात खंडाने जमिनी केल्या आणि १९३० नंतर भावकीबरोबर माळशिरस तालुक्यात येऊन स्थिरावले. आजोबा पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकले आणि जन्मभर ऊसविकासाच्या नोकरीत राहिले. जुनं घर उतरवताना पोटमाळ्यावर दोन ट्रंका आणि एक लाकडी पेटी निघाली. कीर्द-खतावण्या, कालव्याचे पाणीअर्ज, पुण्याच्या अडत्यांच्या गूळपट्ट्या, कारखान्याचे जुने शेअर, आजोबांच्या शेतावरच्या डायऱ्या, निळे नकाशे, काचेच्या फोटोप्लेटा, मोडीतले कागद आणि आजीच्या वह्या, असा सगळा ऐवज आहे. धाकटे काका म्हणतात, शेअर आणि फोटो ठेवा, बाकी रद्दीत घाला. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, सगळं मी नेतो, माझ्याकडे एसी आहे. मुलगी म्हणते, स्कॅन करू आणि मूळ कागद टाकून देऊ. आई ८४ वर्षांची आहे, ती काहीच म्हणत नाही. आम्ही काय करावं?
— एक वाचक, तालुका माळशिरस

उत्तर : तिघांनाही माझा नकार कळवा. आणि ज्या काहीच म्हणत नाहीत, त्यांना आधी विचारा. त्याकडे येतेच.

पहिलं सांगणं हे की निवडानिवड करू नका. दिवाळीच्या आवराआवरीची सवय हाताला असते, त्यामुळे पेटी उघडली की आपण पत्रं एकीकडे, हिशेब दुसरीकडे, फोटो तिसरीकडे असे ढीग लावायला बसतो. कागदांचं सगळ्यात जास्त नुकसान वाळवीच्या आधी ह्या शिस्तीने होतं. ज्या गठ्ठ्यात जे आहे ते तसंच राहू द्या. प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा आणि मग वरून खाली क्रमांक द्या : ट्रंक १, गठ्ठा १, गठ्ठा २. साध्या वहीत एकेका गठ्ठ्यासाठी एक ओळ लिहा. ही वही हाच तुमच्या संग्रहाचा सातबारा.

असं का, ते तुमच्याच घरच्या उदाहरणाने सांगते. एकटी गूळपट्टी हातात घेतली तर ढेपा किती, भाव काय, अडत, हमाली आणि तोलाई किती कापली, एवढंच कळतं. तिच्याच शेजारी त्याच साली पाटबंधारे खात्याकडे केलेला पाणीअर्ज असेल आणि खाली खंडाची चिठ्ठी असेल, तर पाणी किती क्षेत्राला मंजूर झालं, जमीनमालकाला काय गेलं आणि घरात काय उरलं, हे सगळं एका जागी येतं. नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत, म्हणजे ठरावीक रानांचे गट पाडून त्यांनाच पाणी द्यायची रीत, आणली, हे अभियंत्यांच्या पुस्तकात सापडतं. त्या ब्लॉकात आपलं रान बसावं म्हणून एका कुळाने किती अर्ज केले, हे फक्त अशा पेटीत सापडतं. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे काय बदललं, याची पाहणी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी करून १९४८ साली छापली. ती उत्तम आहे, पण ती बाहेरून केलेली मोजणी आहे. तुमच्याकडे आतली बाजू आहे. आणि ती कुणाची, तर सासवड सोडून कालव्यामागे गेलेल्या, पुढे १९३२ साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारणाऱ्या शेतकऱ्यांची. प्रवरानगरचा सहकारी कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५० साली सुरू झाला. सहकाराच्या इतिहासात प्रवरानगरला मान मिळतो आणि मिळायलाच हवा. पण माळीनगरला तिथे एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही, हे मला खटकतं. ओळी वाढायच्या तर त्या तुमच्यासारख्यांच्या ट्रंकांतूनच.

म्हणून काकांची निवड नेमकी उलटी आहे. शेअरची नोंद कारखान्याच्या रजिस्टरात असणार. गूळपट्टीची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. रद्दीचा भाव काय मिळेल ते काकांना विचारा आणि तेवढे पैसे त्यांच्या हातावर ठेवून विषय संपवा.

आजीच्या वह्यांबद्दल तुम्ही चार शब्दांत लिहिलंत, म्हणून मी जरा जास्त लिहिते. पुरुषांच्या वंशावळीवर उभं केलेलं घराण्याचं दप्तर मी पुष्कळ पाहिलंय आणि त्यात बायकांच्या वह्या हटकून ‘किरकोळ’ म्हणून बाजूला पडतात. एका कालव्यावरून दुसऱ्या कालव्यावर बिऱ्हाड हलवताना चूल कोणी मांडली, पहिल्या वर्षी पाणी कुठून आणलं, कोणतं मूल कोणत्या छपरात जन्मलं, उसनं धान्य कुणाकडून घेतलं आणि फेडलं, हे आजोबांच्या डायरीत नसतं. वह्यांत ओव्या असतील, लोणच्याची प्रमाणं असतील, मजुरांना दिलेल्या पैशांच्या रेघोट्या असतील. एकही पान फाडू नका. बायकांच्या इतिहासासाठी मुंबईत ‘स्पॅरो’ हे संग्रहालय १९८८ पासून काम करतं. त्यांना वह्यांच्या प्रती जरूर दाखवा. मूळ वह्या मात्र आजोबांच्या डायऱ्यांच्या शेजारीच राहू देत.

आता आई. आपल्याकडच्या घरगुती पत्रांत नावं नसतात. ‘थोरल्या वहिनींची तब्येत’, ‘मधल्या अण्णांचं जमलं’, ‘कोपरगावच्या मावशी येऊन गेल्या’ असंच सगळं. ही थोरली वहिनी कोण, हे तुमच्या घरात आज कदाचित एकट्या आईंना माहीत असेल. वाळवी थोपवता येते, हे नाही. तेव्हा साफसफाई, स्कॅनिंग, संस्थांना फोन हे सगळं थांबवा आणि आधी त्यांच्यापाशी बसा. एका बैठकीत थोडेच फोटो आणि थोडीच पत्रं घ्या, बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. ‘सगळं सांग’ म्हटलं की माणूस गप्प होतं. फोटो पुढे ठेवून ‘ही लुगड्यातली कोण?’ असं विचारलं की गाडी सुरू होते. फोटोवर पेनने लिहू नका. पाठीमागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला आणि नावं वहीत लिहा.

मग कागदांची प्रकृती. मोडीतले कागद सगळ्यात जुने, म्हणून तुम्हाला त्यांचीच जास्त धास्ती असेल. पण जुन्नर-दौलताबादकडचा हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा आणि त्यावरची शाई काजळीची. तो अजून तुम्हाआम्हाला पुरून उरेल. नाजूक आहेत ते महायुद्धाच्या काळातले गिरणीचे कागद आणि छापील पट्ट्या. ते घडीवर तुटतात, म्हणून जबरदस्तीने उलगडू नका. गंजलेल्या टाचण्या खालची टोकं आधी सैल करून काढा, रबरबँड फेकून द्या. ओलं फडकं लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तीही नाकाला मास्क लावून. चिकटपट्टी नको. लॅमिनेशन तर अजिबात नको : गरम प्लॅस्टिकमध्ये गेलेला कागद पुन्हा बाहेर काढता येत नाही. आणि आपल्याकडे गाद्या-पापडांबरोबर कागदही उन्हात घालतात, तेही नको. सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

बांधायला जुनी पद्धतच घ्या. पेशवे दप्तर कापडी रुमालांत टिकलं, तुमचंही टिकेल. मांजरपाट आणा, दोनतीनदा धुऊन खळ पूर्ण काढा (खळीवर कसर पोसते), वाळवा आणि त्यात गठ्ठे सैलसर बांधा. डांबराच्या गोळ्या नकोत. मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी. मग कागदांआधी भिंतीचा बंदोबस्त करा. कसरीने खाल्लेला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ ते २० अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कागदाला पाणी सुटेल. फोटो आणि काचा फ्रीजरमध्ये घालायच्या नाहीत. काचेच्या प्लेटा एकावर एक आडव्या रचू नका. प्रत्येकीला कागदाचं वेगळं पाकीट करून उभ्या ठेवा. निळे नकाशे प्रकाशात फिके पडतात, अंधारात सपाट ठेवा. बाजारात ॲसिड-फ्री म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कागदांत खडूसारखा क्षार घातलेला असतो. बाकीच्यांना तो मानवतो, ह्या नकाशांना नाही.

कपाट तळमजल्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली किती घरगुती दप्तरं चिखल झाली, त्याची मोजदादच नाही.

चुलतभावाला माझा निरोप द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा वाङ्मयीन मोल असलेला ७५ वर्षांहून जुना कागद खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या पेटीतला बराच भाग त्यात बसू शकतो, तेव्हा सूटकेसमध्ये घालून नेणं हा अंगाशी येणारा उद्योग आहे. त्यांना पूर्ण स्कॅन द्या आणि एसीचा खर्च वाचला म्हणून मांजरपाट आणि स्कॅनरचे पैसे त्यांच्याकडून घ्या.

मुलीचा उत्साह मात्र मोडू नका, तीच ह्या कामाची खरी मुकादम. स्कॅन ३०० ते ४०० डीपीआयवर, रंगीत, कागदाच्या दोन्ही बाजू आणि पाकिटासकट करायला सांगा. टपालाचा शिक्का अनेकदा एकमेव तारीख असतो. फाइलचं नाव वहीतल्या क्रमांकावरूनच द्यायचं. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी. पण मूळ कागद टाकायचा नाही. हार्ड डिस्क बंद पडते, आणि शाई कोणती, खाडाखोड नंतरची की तेव्हाचीच, हे पडद्यावर नीट कळत नाही.

मोडीसाठी घाई करू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि चार दिवसांच्या शिदोरीवर फी आकारणारेही निघाले. आधी दोनतीन कागदांचे फोटो देऊन लिप्यंतर मागा आणि ते दुसऱ्या जाणकाराला दाखवा. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग भरतात. घरातलं कुणी शिकलं तर उत्तमच, कारण घरातली आडनावं आणि शेतांची नावं बाहेरच्याला लागत नाहीत.

शेवटी, द्यायचं कुणाला? घरात पुढची पिढी सांभाळणारी असेल तर घरीच ठेवा, मी घाईने दान करा म्हणणाऱ्यांतली नाही. द्यायचंच ठरलं तर मोडी आणि जुन्या कागदांसाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं. कालवा, ऊस आणि हिशेब यांच्यासाठी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात विचारा. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागारही खासगी कागद घेतं, पण माळशिरसचा विद्यार्थी तिथे कधी पोचणार? तीन संस्थांना तीन तुकडे देऊ नका, एकीलाच सगळं द्या. लेखी करार करा : यादी, क्रम न मोडण्याची हमी, घरच्यांना पाहायला मिळण्याची सोय, आणि एखादं पत्र काही वर्षं बंद ठेवायचं असल्यास तसं कलम. पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. छापायचं ठरलं तर हे ध्यानात असू द्या. पोच घेतल्याशिवाय पेटी उंबऱ्याबाहेर काढू नका.

प्रश्न : वडील ४० वर्षं गावात डॉक्टर होते. त्यांचे केसपेपर पोत्यांत आहेत. हेही जपायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : दाखल रुग्णांचे कागद ३ वर्षं ठेवावेत, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे. ती मुदत उलटली असेल आणि कुठलं कोर्टप्रकरण चालू नसेल, तर तुमच्यावर बंधन उरत नाही. पण त्यात गावातल्या जिवंत माणसांची दुखणी आहेत. ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाता कामा नयेत. नष्ट करायचे तर घरीच फाडून लगदा करा. वडिलांच्या डायऱ्या, भेटींची वही, औषधांची बिलं, साथीच्या काळातल्या नोंदी आणि जिल्हा परिषदेशी झालेला पत्रव्यवहार मात्र ठेवा. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला रस असेल, तर नावं झाकून अभ्यासाला देण्याची अट घाला.

प्रश्न : घराण्याची सनद फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची आहे. कोणती काच घ्यावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : साधी चालेल, कारण आत रंगीत झेरॉक्स असणार आहे. मूळ सनद कपाटात.