अ‍ॅडमिनलाही सुट्टी हवी

वाचकांचे प्रश्न. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणाऱ्यांची आहेत. चार निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमचा रक्तदात्यांचा ग्रुप आहे, नऊशेच्या वर सदस्य. रात्री एक-दोन वाजताही नातेवाइकांचे फोन येतात. फोन बंद ठेवला आणि तेवढ्यात कुणाचं बरंवाईट झालं तर, या धास्तीने झोप लागत नाही. घरचेही वैतागलेत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ही धास्ती खरी आहे, पण तिच्यामागचं गणित तपासून पाहा. दात्याने दिलेलं रक्त तसंच्या तसं रुग्णाला चढवत नाहीत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या व्हाव्या लागतात, रक्ताचे घटक (लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स) वेगळे करायचे असतील तर तो वेळ निराळाच. यात तास जातात. म्हणजे रात्री दोनला जीव वाचवतो तो रक्तपेढीत आधीच तपासून ठेवलेला साठा. तुम्ही अंथरुणातून उठवलेल्या दात्याचं रक्त बहुतेक वेळा त्या साठ्याची भरपाई करतं, आणि ती सकाळी नऊला केली तरी चालते. साठा कुठे आहे हे ‘ई-रक्तकोष’ पोर्टलवर जिल्हा आणि रक्तगट निवडून दिसतं. तरी पेढीला फोन करून खात्री करावी. बॉम्बे रक्तगटासारखा दुर्मिळ गट किंवा एकाच दात्याकडून घ्यायचे प्लेटलेट्स, अशा मोजक्या गरजांसाठीच रात्री दाता शोधण्याला अर्थ आहे.

आता व्यवस्था. ग्रुपसाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. त्यातल्या ‘अवे मेसेज’मध्ये (आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर) रात्री ११ ते सकाळी ६ ही वेळ लावा आणि मजकुरात जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांचे फोन नंबर द्या. हा मेसेज वैयक्तिक चॅटलाच जातो, ग्रुपला नाही, म्हणून तोच मजकूर ग्रुपच्या माहितीतही ठेवा. एका नंबरला मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणं जोडता येतात. तीन-चार सहकारी जोडून घेतले की येणारे मेसेज सगळ्यांना दिसतात. मुख्य फोन चौदा दिवस उघडला नाही तर मात्र जोडणी तुटते. सिमवर येणारे कॉल ज्याची पाळी असेल त्याच्याकडे फॉरवर्ड करा. पाळी आठवड्याची ठेवा. रोज बदलणाऱ्या पाळीत ‘आज कोण?’ हे विचारायला शेवटी तुम्हालाच फोन येतो.

तुमच्या स्वतःच्या फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून घरचे आणि सहकारी एवढ्यांनाच सूट द्या. इथे एक गोष्ट हमखास निसटते. ‘रिपीट कॉलर्स’ ही सोय चालू असेल, तर अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आणि आयफोनवर तीन मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला की घंटी वाजते. घाबरलेला नातेवाईक लागोपाठच फोन करतो. ती सोय बंद करा.

दिवसाची दमछाक अर्धवट मेसेजमुळे होते. ‘ओ निगेटिव्ह तातडीने हवंय, पुढे पाठवा’ असा बिनतारखेचा मेसेज आठवडाभर फिरत राहतो, दाते वाया खेटे घालतात आणि खुलासा मागतात अ‍ॅडमिनकडे. म्हणून रुग्णालय, रक्तपेढी, रक्तगट, कोणता घटक, किती पिशव्या, तारीख-वेळ आणि नातेवाइकाचा नंबर हे सगळं असेल तरच मेसेज राहील, नाहीतर काढला जाईल, हे जाहीर करा आणि पाळा. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. गरज भागली की ज्याने मागणी टाकली त्यानेच ‘पूर्ण’ लिहायचं. दात्यांची यादी एका शीटमध्ये ठेवून शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहा. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांच्या आत पुन्हा रक्त देता येत नाही. तारीख समोर असली की निम्मे फोन करावेच लागत नाहीत.

आणि हो, रक्त मिळालं की तुमचं काम झालं. रुग्णाचं पुढे काय झालं याची चौकशी करायची की नाही, हे तुम्ही ठरवा. प्रत्येक रुग्णाचा शेवट स्वतःच्या जिवाला लावून घेणाऱ्यांना हे काम फार दिवस झेपत नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचा ग्रुप मी चालवते. जाहिराती टाकणाऱ्या एकाला काढलं, तर तो वैयक्तिक मेसेजमध्ये घाणेरडं बोलतोय. शिवाय ग्रुपवर कुणी काही भलतंसलतं टाकलं तर केस माझ्यावर होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्याला एका अक्षराचंही उत्तर देऊ नका. नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट आणि ब्लॉक करा. रिपोर्ट करतानाच चॅट डिलीट करण्याचा पर्याय येतो, तो निवडू नका, पुरावा जाईल. धमकी किंवा अश्लील मजकूर असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. १९३० ही हेल्पलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे.

सदस्य काढण्याचा निर्णय दोन अ‍ॅडमिननी मिळून घ्यावा आणि ग्रुपवर ‘अ‍ॅडमिन मंडळ’ म्हणून कळवावा. राग धरायला एकच नाव सापडलं की सगळा मारा त्या नावावर होतो, आणि बाईचं नाव असेल तर तो जास्तच होतो. ‘अप्रूव्ह न्यू मेंबर्स’ चालू ठेवा आणि लिंक रीसेट करा, नाहीतर तोच माणूस दुसऱ्या नंबरवरून परत येईल.

केसबद्दल : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही असा मजकूर दिसला की काढा. पण कुणी काय टाकलं हे पाहायला रात्रभर जागण्याचं कारण नाही. झोपण्याआधी ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’वर टाका, सकाळी उघडा.

प्रश्न : द्राक्ष बागायतदारांचा ग्रुप आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की दिवसाला दोनशे फोटो येतात आणि सगळ्यांना एकच विचारायचं असतं, ‘काय फवारू?’ हल्ली प्रश्न बघितला तरी चिडचिड होते. हा नुसता थकवा की आणखी काही?
— एक वाचक, निफाड

उत्तर : ‘आणखी काही’ म्हणजे बर्नआउट, सततच्या कामाने माणूस आतून पार थकून जाणं. त्याचं वर्णन १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने केलं, तेही न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणारी माणसं पाहून. त्यात स्वयंसेवकही होते. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणते आणि तीन खुणा सांगते : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तिटकारा किंवा दुरावा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. चार दिवस फोन बाजूला ठेवून बरं वाटलं तर थकवा होता. परतल्यावर पहिल्याच फोटोला तोच तिटकारा आला तर काम कमी करायलाच हवं. झोप, भूक बिघडली असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर चोवीस तास मोफत बोलता येतं.

तुमचा ताण हंगामी आहे, तेव्हा तयारी छाटणीआधीच करा. पानाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजूंचे फोटो, छाटणीनंतरचे दिवस, शेवटची फवारणी आणि तारीख, एवढं असेल तरच उत्तर, हा नियम पिन करा. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते; नुसता वरचा फोटो आला की पुन्हा विचारावं लागतं आणि एका प्रश्नाचे चार मेसेज होतात. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, नंतर पुन्हा करा. उत्तरं दिवसातून एकदाच, ठरलेल्या तासाभरात द्या.

प्रश्न : सोसायटीचा ग्रुप सोडायचाय, पण सगळं माझ्याच हातात आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एकटे अ‍ॅडमिन असताना बाहेर पडलात तर व्हॉट्सअ‍ॅप कुणाही सदस्याला अ‍ॅडमिन करून टाकतं. म्हणून आधी दोघांना अ‍ॅडमिन करा, प्लंबर-वायरमनचे नंबर आणि नियमांचा मजकूर त्यांना द्या, आणि महिनाभर उत्तरं त्यांनाच देऊ द्या. त्या काळात तुम्हाला थेट आलेला प्रश्न स्वतः न सोडवता ग्रुपवर पाठवा. मग तारीख जाहीर करून बाहेर पडा. कारण सांगायलाच हवं असं नाही.